विजेरीचा उजेड व खोक्यावरील आंकडे

हल्लीं विजेरीच्या, म्हणजे आपल्या घरगुती भाषेंतील बॅटरीच्या, खोक्यावर आंकड्यांची मोठी चढाओढ दिसते. कोणी दहा हजार ल्युमेन छापतो, तर कोणी एक लाख! शिवाय ‘मुळींच न तापणारी’ ही ग्वाही निराळीच. ज्या पालकांस रात्रीं शेताला पाणी द्यावयास जावें लागतें, त्यांच्या वाटेवर साप आहे कीं दोरी, हें त्या उजेडावरच ठरावयाचें असतें. तेव्हां शाळेंत शिकलेलें गणित व पदार्थविज्ञान या आंकड्यांच्या परीक्षेस लावलेंच पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनीं प्रथम साधा हिशेब करावा. विजेरींतील चांगला एलईडी दिवा दर वॉटास सुमारें १०० ते १५० ल्युमेन प्रकाश देतो. म्हणजे १,००,००० ल्युमेनांसाठीं साडेसहाशें वॉटांहून अधिक शक्ति हवी. जवळजवळ विजेच्या इस्त्रीइतकी! उलट अशा विजेरींतला १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल फार तर १२-१३ वॉट-तासांचा असतो. एवढी शक्ति तो पुरवील असें घटकाभर मानलें, तरी सव्वा मिनिटाच्या आंत तो रिता होईल. मात्र १,००० ल्युमेन उजेड तो तास-दीड तास देऊं शकतो, आणि शेताच्या वाटेस तेवढा पुष्कळ झाला.

उष्णतेविषयीं तर मोठाच गैरसमज आहे. एलईडी दिवा जुन्या तारेच्या दिव्याहून वीज पुष्कळ कमी वाया घालवितो हें खरें. तरी त्यास मिळणाऱ्या विजेपैकीं निम्मी किंवा अधिक उष्णताच होते. जुना दिवा ती बव्हंशीं किरणांवाटे बाहेर फेंकी. एलईडीची मात्र बुडाशीं सांठते व विजेरीच्या धातूच्या अंगावाटेच निघून जाते. म्हणून प्रखर विजेरी हातास ऊन लागणें हें दूषण नव्हे. दहा मिनिटें पूर्ण तेजानें जळूनहि ती थंडगार राहिली, तर एक तर उजेडाचा आंकडा खोटा, नाहीं तर उष्णता आंतच कोंडलेली, असें समजावें. चांगल्या विजेरींत ताप वाढतांच उजेड आपोआप उतरविण्याची योजना असते. मुलांनीं मात्र अशी पेटती विजेरी खिशांत किंवा काळ्या कापडास टेकवून ठेवूं नये. कापड करपण्याचें भय असतें.

प्रामाणिक आंकडाहि समजून वाचावा. अमेरिकेंत २००९ सालीं ठरलेल्या ‘एफएल १’ या प्रमाणानुसार उजेड दिवा लावल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटें या अवधींत मोजतात, व तो एक-दशांशावर येईपर्यंतचा काळ खोक्यावर छापतात. अर्थात् ‘१,००० ल्युमेन, ३ तास’ म्हणजे तीन तास हजार ल्युमेन नव्हेत.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? अंधाऱ्या खोलींत विजेरी छताकडे तोंड करून ठेवावी, मोबाइल एका जागीं ठेवून त्यांतील प्रकाशमापकाचा आंकडा आरंभीं व दहा मिनिटांनीं टिपावा, आणि परिचयाच्या विजेरीशीं ताडून पाहावा. नुसत्या डोळ्यावर विसंबूं नये. दुप्पट प्रकाश त्यास दुप्पट भासत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वस्तूची ही चिकित्सा कशाला? पण वाण्याचें खोटें माप आपण चालूं देत नाहीं. मग उजेडाचें तेवढें कां चालूं द्यावें? छापलेल्या आंकड्यास पुरावा मागण्याची संवय मुलांस घरींच लागली, तर ती विजेरीपुरतीच राहणार नाहीं.