रेझिन म्हणजे नुसता डिंक नव्हे!

"ताकद फायबरची हो, रेझिन म्हणजे नुसता डिंक!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एकच इलॅस्टिक मॉड्युलस भरायचा, की झालं मॉडेल!

१९६५ मध्ये रोझेनचं सूत्र असंच होतं. रेझिनचा शिअर मॉड्युलस १.२ गिगापास्कल, फायबर ६० टक्के, तर दाबाखालची ताकद ३ गिगापास्कल. प्रत्यक्षात मिळते साधारण निम्मी! १९७२ मध्ये आर्गनने सांगितलं, की खरा खेळ रेझिन शिअरमध्ये कधी यील्ड होतं आणि फायबर किती तिरके बसलेत, याचा आहे. ६० मेगापास्कल भागिले २ अंश (रेडियनमध्ये हं!), उत्तर १.७ गिगापास्कल. त्यात उष्णता आणि ओलाव्याने हे यील्ड आणखी घसरतं.

रंगीत प्लॉट बघून माना डोलावणाऱ्यांनो, तुमच्या इनपुट फाइलमध्ये यातलं काय आहे?