कात्री आवरा!

शिवजयंती, गुढीपाडवा, गणेशोत्सव जवळ आला की आपल्या घरांतील जुन्या ट्रंका उघडतात. आजीचे नऊवारी लुगडे कापून त्याचा तयार काष्टा शिवला जातो. पणजोबांचा अंगरखा नातवाला आखूड पडतो, म्हणून बगला उसवून त्यात नायलॉनची पट्टी घातली जाते. गेल्या वर्षी जवाहर चौकातील एका दुकानात चंदेरी लुगड्याचे असे पाच तुकडे झालेले मी पाहिले. त्यांतून शोभायात्रेसाठी दोन ‘जिजाऊ’ तयार व्हायच्या होत्या. दोष शिंप्याचा नव्हे. कापड त्याच्या हाती देणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षितांचा आहे.

या कापाकापीची मुळात गरजच नाही. नऊवारीला सुई लागत नाही. एकच सलग वस्त्र नेसण्याच्या कौशल्याने सडपातळ मुलीलाही बसते आणि स्थूल आजीलाही. अंगरख्याला, बाराबंदीला बंद असत, ते सैल-घट्ट करता यावेत म्हणूनच. फेटा तर ज्याच्या त्याच्या डोक्यावर नव्याने बांधला जाई. जो पोशाख कोणाच्याही अंगाला जुळवून घेतो, त्याला चेन आणि इलॅस्टिक लावणे म्हणजे तो आपल्याला कळलाच नाही, याची कबुली देणे होय. तयार काष्ट्यात पाय घालणारी मुलगी नऊवारी नेसायला कधीच शिकत नाही; वस्त्र जाते आणि विद्याही जाते.

दुसरा अपराध जोडाजोडीचा. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत दुराह्याला तह झाला. हा प्रसंग उभा करताना पेशव्यांच्या डोक्यावर शिवकालीन जिरेटोप आणि अंगावर पॉलिएस्टरचे चकाकते ब्रोकेड कसे चालते? रासायनिक रंगांचा शोध १८५६ चा. त्यांतला भडक जांभळा शेला अठराव्या शतकात आला कोठून? २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे झाली. शुभ्र वस्त्रांतील ज्यांची मूर्ती घराघरांत परिचित आहे, त्या बाईंना जरतारी शालू नेसवणे हा त्यांचा गौरव खासच नव्हे.

यावर उत्तर ठरलेले असते : ‘ट्रंकेत कुजण्यापेक्षा मुलांच्या अंगावर शोभलेले काय वाईट? पूर्वीही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि पैठणीची परकर-पोलकी होतच होती.’ होत होती, हे खरे. परंतु गोधडीने आपण इतिहास असल्याचा दावा कधी केला नाही. शोभायात्रेतला पोशाख तो दावा करतो आणि त्यासाठी खरा पुरावा कापून खोटा उभा करतो. मराठी मुलखापासून दूर, माळव्याच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी किती जणांकडे सनदा आणि दप्तरे उरली आहेत? पुष्कळांकडे आहेत ती एवढीच वस्त्रे. रेशमावर गुंडाळलेल्या चांदीच्या तारेची जर, काठाची वीण, हातशिलाईचा टाका हाच त्यांचा मजकूर. कात्री चालली की तो परत वाचता येत नाही.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात मेरिलिन मन्‍रोचा १९६२ चा पोशाख पुन्हा अंगावर चढवला गेला, तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्पष्ट बजावले की ऐतिहासिक वस्त्रे कोणीही परिधान करू नयेत. अवघ्या ६० वर्षांच्या कपड्यासाठी जग एवढे जागरूक, आणि आपण शतकभर जुन्या शालूवर खडूच्या रेघा मारतो!

सोहळे बंद करा, असे कोणी म्हणत नाही. महेश्वर आणि चंदेरीचे हातमाग अजून चालू आहेत. त्यांच्याकडून सलग नवे वस्त्र विणून घ्यावे, मुलींना नेसायला आणि मुलांना फेटा बांधायला शिकवावे. जुने वस्त्र धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे, त्याची घडी अधूनमधून वेगळ्या जागी मोडावी, आणि ते कोणाचे, कोठून आले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. पुढच्या उत्सवाची वर्गणी गोळा करताना मंडळांनी या नव्या वस्त्रांचाही खर्च धरावा. घरच्या ट्रंका मात्र मागू नयेत, आणि मागितल्याच तर आपण त्या देऊ नयेत.