साखर सोडून बाकी सगळे उपाय

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली आणि तिच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला, तेव्हा काही सुळ्यांवर एनॅमल नीट धरलेलेच नाही, तिथे खळगा राहिला आहे, असे दिसले. दुधाच्या दातांचे एनॅमल आईच्या पोटात घडू लागते, बाळ वर्षाचे होईपर्यंत पुरे होते आणि एकदा घडले की शरीर त्याची डागडुजी करत नाही. त्यामुळे गर्भारपणातली आणि तान्हेपणातली आबाळ दातावर जी खूण ठेवते ती कोणत्याही सरकारी नोंदवहीपेक्षा टिकाऊ असते. अशा अर्धवट घडलेल्या दाताला कीडही लवकर लागते, म्हणून भूक आणि गोड यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

कीड कशाने लागते याचे उत्तर मात्र माणसाने फार काळ चुकीच्या जागी शोधले. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंत’ येतो, बाबिलोनियातही दातातल्या किड्याची कथा होती, आणि बाजाराच्या दिवशी धुरी देऊन दातातून अळी काढून दाखवणारे वैदू आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होते. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने 1728च्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहूनही किडा दिसला नाही असे नोंदवले. पण दोष बाहेरच्या कुणा शत्रूवर ढकलण्याची सोय इतकी मोठी होती की त्याच्या साक्षीने लोकसमजूत फारशी हलली नाही. मऊ, गोड अंजिरे दात का बिघडवतात, हा प्रश्न तर ॲरिस्टॉटलच्या नावावरील ग्रंथात त्याहून कितीतरी शतके आधी विचारून झाला होता.

1598 साली इंग्लंडमध्ये गेलेल्या पाउल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने राणी एलिझाबेथचे काळे दात पाहिले आणि इंग्रजांच्या अतिसाखरेचा तो परिणाम असावा असे लिहून ठेवले. तेव्हा साखर श्रीमंतांची चीज होती, म्हणून किडके दातही प्रथम दरबारात दिसले. पुढे गुलामांच्या घामावर वाढलेले मळे आले, 1874मध्ये ब्रिटनने साखरेवरचा आयातकर उठवला, गिरणीकामगारांच्या घरात गोड चहा आणि जॅम-पाव हेच मुलांचे जेवण झाले. आणि शतक संपता संपता बोअर युद्धासाठी भरती होणाऱ्या तरुणांना दातांपायी परत पाठवण्याची वेळ साम्राज्यावर आली. तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात विरघळवते, हे विलोबी मिलर याने 1890मध्येच मांडले होते. त्या ज्ञानातून ब्रश आणि मंजन घरोघर पोचले. साखर जिथे होती तिथेच राहिली, किंबहुना वाढली.

मग विसाव्या शतकाने दोन मोठे प्रयोग करून दाखवले. पहिला कुणी ठरवून केला नाही: दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेत साखर तुटली आणि काही वर्षांच्या अंतराने मुलांच्या दातांची कीड ठळकपणे घटली, युद्ध संपून गोड परतले, तशी कीडही परतली. दुसरा ठरवून केलेला, आणि म्हणून लाजिरवाणा. स्वीडनमधील लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती कुणी विचारलेली नसताना, चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष 1954मध्ये प्रसिद्ध झाला, तो आजही तितकाच खरा आहे: जेवणासोबत खाल्लेली साखर दाताला तुलनेने कमी बाधते, जेवणाच्या मधल्या वेळेत, पुन्हा पुन्हा आणि दाताला चिकटून राहणारी साखर त्याचा नाश करते. स्वीडनने त्यावरून मुलांना गोड फक्त शनिवारी देण्याची रीत पाडली. ज्यांचे दात त्या ज्ञानासाठी किडवले, त्यांचे ऋण निदान एका देशाने असे फेडले.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. 1971मध्ये तिथे दंतकिडीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने सुचवलेल्या विषयांचा बराचसा भाग सरकारी आराखड्यात जवळजवळ तसाच उतरला, हे 2015मध्ये जुन्या कागदपत्रांवरून उघड झाले. लस शोधा, दातावरचा थर विरघळवणारे विकर शोधा, पण साखर कमी करा असे म्हणू नका, हा त्याचा रोख. वैदूने काढून दाखवलेली अळी आणि ही लस यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या राज्याला या विषयावर बोलताना जीभ जड होते, कारण आपली अर्धी सार्वजनिक संपत्ती उसातून आली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी 1950मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला. त्याने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, गावांत शाळा-दवाखाने आणले, आणि त्याच परिसरात लोणीला आज दंत महाविद्यालयही आहे. या योगायोगात दोष कुणाचा नाही, पण अर्थ जरूर आहे. उसाच्या फडावर कोपीत वाढणाऱ्या मुलाला गप्प बसवायला पाच रुपयांचा बिस्किटपुडा असतो, शहरातल्या फ्लॅटमधल्या बाळाच्या तोंडात झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली असते. बाटलीची ही कीड ओळखू येते: वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते, ती तपकिरी होते, मग खुंट उरतात, खालचे दात जिभेआड असल्याने वाचतात. गूळ घातला तर चालेल, असे म्हणणाऱ्या आजीला हेही सांगितले पाहिजे की जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. आणि ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे वाक्य तर बंद व्हावे. दुखऱ्या दाढेने मूल चावायचे टाळते, भाकरी मागे पडते, मऊ-गोडच पुढे येते आणि वजनही मार खाते.

2002-03च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. 2025मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे धोके सांगणारे फलक लावायला सांगितले, हे बरेच झाले. पण शाळेत येईपर्यंत जिभेची सवय ठरून गेलेली असते. परदेशात साखरेविना विकला जाणारा बाळांचा तयार आहार आपल्याकडे साखर घालून विकला जातो, यावर 2024मध्ये गदारोळ झाला. अशी साखर ठरावीक मर्यादेपर्यंत घालायला आपले नियमच मुभा देतात. ती मुभा काढून टाकावी.