घरबसल्या फार्मसी? दुकान टाकण्याआधी हे वाचा



मेडिकल स्टोअर टाकायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, डी. फार्म. ऑनलाइन करून चालेल का?" माझं उत्तर स्पष्ट आहे. शिका ऑनलाइन, पण पदवी-पदविका ऑनलाइन शोधू नका.

कारण साधं आहे. फार्मसी कायदा 1948 चा. कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच प्रिस्क्रिप्शनवर औषध द्यायचं, असं तो सांगतो. ती नोंदणी हवी तर मान्यताप्राप्त कॉलेजात दोन वर्षं प्रत्यक्ष हजेरी लावावी लागते. वर हॉस्पिटल किंवा औषध दुकानात 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. "घरबसल्या डिप्लोमा, परीक्षेची काळजी नको" अशी जाहिरात दिसली तर खिशाला हात घालण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं नाव शोधा. नाव नसेल तर पैसे आणि वर्षं, दोन्ही पाण्यात.

आता कुणी म्हणेल, 500 तास कशाला? तर बघा, मेटफॉर्मिन डायबेटिसची गोळी आणि मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाची. नावं जवळजवळ सारखी, त्यात डॉक्टरांचं अक्षर! व्हिडिओ पाहून तुम्हाला दोन्हींची माहिती पाठ होईल. पण काउंटरवर गर्दी असताना थांबायचं, शंका आली तर डॉक्टरांना फोन लावायचा, ही सवय काउंटरमागे उभं राहूनच लागते.

मग ऑनलाइन शिक्षण वाया का? अजिबात नाही! खरा फायदा कॉलेजच्या जोडीला आणि कॉलेजनंतर आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर फार्मसीचे कोर्सेस आहेत. शेड्यूल एच-वनच्या औषधांचं वेगळं रजिस्टर कसं ठेवायचं आणि ते तीन वर्षं का जपायचं, इन्सुलिन 2 ते 8 अंशांत कसं सांभाळायचं, जीएसटी, एक्सपायरीचा माल, स्टॉकचं सॉफ्टवेअर, हे सगळं रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर शिकता येतं.

आणि तुम्ही फार्मासिस्ट नसाल तरी मार्ग आहे. लायसन्स तुमच्या नावावर निघू शकतं, फक्त नोंदणीकृत फार्मासिस्ट पगारावर ठेवा आणि तो दुकानात हजर असू द्या. सर्टिफिकेट भाड्याने घेऊन भिंतीवर टांगू नका. तपासणीला एफडीएचे अधिकारी आले आणि फार्मासिस्ट जागेवर नसला, तर लायसन्स निलंबित होऊ शकतं, रद्दही होऊ शकतं. पगार वाचवायला गेलात आणि दुकानच गेलं, असा हा सौदा!

किराणा दुकानात चूक झाली तर गिऱ्हाईक माल परत आणतं. इथे तशी संधी मिळेलच असं नाही. म्हणून दोन वर्षं जास्त गेली तरी चालतील, पाया पक्का घाला.

तुम्ही कोणत्या टप्प्यावर आहात? कमेंटमध्ये नक्की लिहा.