स्वीट आम्हाला, सीट काकांना

होस्टेलच्या तिघांच्या खोलीत चौघं झोपणाऱ्या मुलाला कोणी अचानक "सर, आम्ही तुम्हाला स्वीटमध्ये अपग्रेड केलंय" असं म्हटलं तर काय होईल? पहिली दोन मिनिटं त्याला वाटेल की जेवणानंतर गुलाबजाम फुकट मिळणार. आमचं अगदी तसंच झालं!

झालं असं की गेल्या डिसेंबरात माझ्या रूममेटच्या ताईचं लग्न होतं. गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. सातपुड्याच्या पायथ्याचं, संत सोनाजी महाराजांचं गाव. गावामागे डोंगर चढला की अंबाबरवा अभयारण्याचं जंगल सुरू होतं. रूममेट आठ दिवस आधीच गेला होता. शेगावपर्यंतचं रेल्वेचं वेटिंग काही हलेना, म्हणून आम्ही चौघांनी वर्गणी काढून पुण्यात एक अर्टिगा ठरवली. गाडीबरोबर एक ड्रायव्हर काका आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दुपारी साडेचारला निघालो. नगर रोडचा ट्रॅफिक, मग रस्त्यात जेवण, असं करत छत्रपती संभाजीनगरला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. तिथे एका हॉटेलात आम्ही ऑनलाइन दोन स्वस्त खोल्या बुक केल्या होत्या. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरकडे बघत राहिला, दोन फोन केले आणि मग ते सुरुवातीचं वाक्य म्हणाला. आमच्या भावातल्या खोल्या भरल्या होत्या. त्याच पैशांत चौघांना मिळून वरच्या मजल्यावरचा स्वीट!

काय सांगू राव! आत शिरल्यावर आधी एक हॉल. त्यात दोन सोफे, त्यातला एक उघडला की पलंग होणारा. मग दोन बेडरूम, दोन टीव्ही, बाथटब, आणि टेबलावर फळांची टोपली. (सफरचंद खरं होतं, आम्ही चावून बघितलं.) अर्धा तास नुसते फोटो काढले. बाथटबमध्ये कपडे घालून बसून फोटो काढणाऱ्याचं नाव इथे देत नाही, तो या अंकाच्या संपादक मंडळावर आहे.

आता आपण इंजिनिअर. फुकट काही मिळालं की ते का मिळालं हे शोधायची आपल्याला खोड. हॉटेलची खोली ही मेसच्या भातासारखी असते. आज रात्री खपली नाही तर उद्या तिचं काही येत नाही. बुकिंग केलेल्यांतले काही लोक येतच नाहीत, म्हणून हॉटेलवाले असतात त्यापेक्षा थोड्या जास्त खोल्या विकतात. कधी अंदाज चुकतो, सगळेच येतात. स्वस्त खोल्या आधी भरतात, महागडा स्वीट रिकामा राहतो. मग पाहुण्याला परत पाठवून दुसरीकडे सोय करण्यापेक्षा रिकामा स्वीट देऊन टाकणं स्वस्त पडतं. चादरी, साबण, थोडी वीज, एवढाच वरचा खर्च. या गणिताची सुरुवात विमान कंपन्यांत झाली. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी स्वस्त तिकिटं किती विकायची आणि महाग तिकिटांसाठी किती जागा राखायच्या याचा नियम मांडला. पुढे हॉटेलांनी तेच शास्त्र उचललं. म्हणजे आमच्या चेहऱ्याकडे बघून कोणी स्वीट दिला नव्हता. रिकामी जागा होती, देण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता, म्हणून दिला. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रात्री एक वाजता माझा चार्जर गाडीत राहिल्याचं आठवलं. खाली पार्किंगमध्ये गेलो. अर्टिगाच्या काचांवर आतून वाफ धरली होती. काच टिचकीभर खाली केलेली. पुढची सीट मागे पाडून काका झोपले होते, पाय डॅशबोर्डवर, तोंडावर पंचा, अंगावर आमच्यातल्याच एकाचं विसरलेलं जॅकेट. मी दार उघडलं तसे ते दचकून उठले आणि म्हणाले, "निघायचं का दादा?"

मी चार्जर घेतला. वर हॉलमध्ये दोन सोफे रिकामे होते. काउंटरवर जाऊन विचारलं, ड्रायव्हरला वर झोपवलं तर चालेल का? उत्तर आलं, "ड्रायव्हर लोकांना वर अलाऊ नाही सर." त्यांच्यासाठी वेगळी खोली? "नाही सर. ते गाडीतच झोपतात." मी भांडलो नाही. वाद घातला नाही, मॅनेजरला बोलवा म्हटलं नाही. सवयीने "ओके" म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. मित्रांना सांगितलंसुद्धा नाही. या लेखातली कोणाची चूक सांगायची असेल तर पहिली ही, आणि ती माझी.

सकाळी आठला निघालो. सिल्लोड, अजिंठा, बुलडाणा, मग राजूर घाट उतरून मोताळा. घाट काकांनी व्यवस्थित उतरवला. पुढे सरळ रस्ता लागला, ऊन वर आलं, मागचे तिघं पेंगले. मी पुढे बसलो होतो. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. चाक डांबर सोडून मुरमात गेलं, खडखडाट झाला आणि काकांनी स्टेअरिंग वळवलं. समोर कोणी नव्हतं म्हणून बरं. काका काहीच बोलले नाहीत, फक्त काच पूर्ण खाली केली. नांदुऱ्याला त्या १०५ फुटी हनुमानाजवळ चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, काल किती वाजता उठला होता? म्हणाले, "पहाटे चारला. एअरपोर्ट ड्रॉप होता."

करा बेरीज. पहाटे चार ते रात्री साडेदहा म्हणजे साडेअठरा तास. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डॉसन आणि रीड यांचा एक छोटा शोधनिबंध आला होता. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हातडोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. फुंकर मारायचं यंत्र दारू मोजतं, जागरण मोजत नाही. काकांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. तरी त्या हिशेबाने रात्री नऊनंतर आमची गाडी चालवणारा माणूस दारूच्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखाच होता. आणि त्यावर आम्ही त्याला झोपायला काय दिलं? एक सीट.

दुपारी पूर्णा ओलांडून सोनाळ्याला पोचलो. लग्नघर म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहेच. मांडव, पाहुणे, पोरंटोरं, कोणाचा कोणाला पत्ता नाही. रूममेटचे आबाजी ओसरीवर बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही पाया पडलो. त्यांनी आमच्या मागे बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "गाडीवाला कोठी हाये? जेवला काय तो?"

काका गाडी पुसत होते. त्यांना बोलावून आमच्याच पंगतीत बसवलं. भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. रात्री आमची सोय शेजारच्या घरी, खाली सतरंजी टाकून. पाहुणेच इतके की खाटा मोजक्या. त्यातली एक खाट आबाजींनी काकांना द्यायला लावली, वर जाड वाकळ. काका संकोचाने म्हणाले, मी गाडीत झोपतो, सवय आहे. आबाजी म्हणाले, "गाडीत काहून झोपता जी? झोप नाई झाली त या पोराइले उद्या नेणार कोन?"

बस्स. साडेतीन वर्षं इंजिनिअरिंग शिकून माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते आबाजींना विचार न करता माहीत होतं. पूर्वी बैलगाडीने पाहुणे यायचे तेव्हा आधी बैलांना कडबा आणि गाडीवानाला भाकर, हा तिथला रिवाज, असं त्यांनी नंतर सांगितलं. मुक्कामाच्या एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात राहायचे तेव्हाही कोणी ना कोणी त्यांना जेवू घालायचं. काका त्या रात्री नऊला झोपले ते सकाळी सातला उठले. हळदीचा सगळा धिंगाणा बाजूला चालू होता, ते हललेसुद्धा नाहीत.

लोक म्हणतील, एका रात्रीचं एवढं काय? आम्ही ड्रायव्हरला नाइट भत्ता देतोच. दिला होता आम्हीही, तीनशे रुपये. तीनशे रुपयांत कोणत्या शहरात खोली मिळते? तो भत्ता घरी जातो, कारण तो मुळात पगाराचाच भाग धरलेला असतो. दुसरे म्हणतील, गाडीची राखण कोण करणार? अहो, हॉटेलच्या गेटवर वॉचमन होता, कॅमेरे होते. तिसरे म्हणतील, हे गाडीमालकाने बघावं. कायद्याचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि मध्ये विश्रांती असा सर्वसाधारण नियम घातला होता. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. २०२५ च्या नोव्हेंबरात तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. एका गाडीचा मालक आणि त्याचा एक ड्रायव्हर त्या जुन्या कायद्यात कधी बसलेच नाहीत.

आणि जिथे ठरवलं तिथे सोय झालेली आहे. रेल्वेच्या लोको पायलटला रनिंग रूम असते, तिथे पलंग आणि जेवण मिळतं. विमानाच्या पायलटची आठवड्याची सलग विश्रांती २०२५ मध्ये ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये बांधकामाच्या नियमांत बदल करून हॉटेल आणि लॉजमध्ये पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची सोय सक्तीची केली. त्याच वर्षी १ जुलैला आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्यानंतर ड्रायव्हरच्या डुलकीची चर्चा सगळ्या पेपरांत झाली. पण चर्चा डुलकीची झाली, खाटेची फारशी झाली नाही.

आता ते लिटलवूडचं गणित पुन्हा काढा. स्वीटमधला सोफा त्या रात्री रिकामा होता. काकांना तिथे झोपू देण्याचा वरचा खर्च एक चादर! ज्या हिशेबाने आम्हाला बाथटब मिळाला, त्याच हिशेबाने काकांना सोफा मिळायला हवा होता. नाही मिळाला, कारण हॉटेलच्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या नावापुढे ‘चार गेस्ट’ लिहिलं होतं आणि गाडीत माणसं पाच होती. तो चारचा आकडा हॉटेलने नाही, बुकिंग करताना मीच भरला होता.

हा लेख मी याच अंकासाठी का लिहितोय? कारण पुढच्या सेमिस्टरला आपल्या इंडस्ट्रिअल व्हिजिट आहेत. दरवर्षीचा शिरस्ता आठवा. रात्री नऊला कॉलेजच्या गेटवरून बस निघते, रात्रभर आपण मागे गाण्यांच्या भेंड्या खेळतो, सकाळी कारखाना बघतो, संध्याकाळी कुठेतरी फिरतो आणि रात्री परत. ती बस चालवणारा माणूस दिवसभर कुठे होता, कुठे झोपला, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलंय? मी तीन व्हिजिट केल्या, एकदाही विचारलं नाही.

सरांना आणि व्हिजिटच्या समन्वयकांना माझी नम्र विनंती आहे. परवानगीच्या फॉर्मवर विद्यार्थी संख्या, सोबतचे शिक्षक आणि पालकांची संमती असे रकाने आहेत. त्यात आणखी एक घाला : ‘चालकाची झोपण्याची व जेवणाची सोय’. तो रकाना रिकामा असेल तर सही करू नका. रात्रभराचा प्रवास असेल तर दोन चालक हवेत हे ट्रॅव्हल्सवाल्याला आधीच लिहून द्या. खर्चाची चिंता असेल तर चाळीस मुलांच्या बसमध्ये एका खाटेचे पैसे डोक्यामागे किती होतात ते काढून बघा. कटिंग चहापेक्षा फार जास्त येत नाही.

आणि मित्रहो, आपण स्वतः गाडी ठरवून फिरायला जातो तेव्हा बुकिंगच्या वेळी फोन करून विचारा, ड्रायव्हरची सोय आहे का? दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला हॉटेलवाला आधीच सांगेल.

परतीच्या वाटेवर काका जरा मोकळे झाले होते. बुलडाण्याच्या पुढे म्हणाले, "महाराष्ट्रातली सगळी मोठी हॉटेलं पाहिलीत दादा मी. पार्किंगमधून." आम्ही हसलो, तेही हसले. परतताना रात्री कुठे थांबलो नाही, सकाळी निघून दिवसाउजेडी पुण्यात आलो. काकांना त्यांच्या घराच्या गल्लीत सोडा म्हटलं तर ते म्हणाले, गाडी माझ्याकडे, तुम्हालाच होस्टेलवर सोडतो. आम्ही उतरलो तेव्हा साडेसहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना परत एअरपोर्ट ड्रॉप होता.