शेवटच्या रात्रीची गर्दी

२०२५ साली प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, पुढे आणखी एक दिवस लांबली. तरी पुण्याच्या पेठांतील करसल्लागारांच्या दारी अखेरच्या रात्री अनोळखी माणसे उभी राहिलीच. त्यांना आळशी ठरवणे सोपे आहे. परंतु कंत्राटी कामगाराच्या मोबदल्यातून कर आधीच कापला जातो आणि तो परत मिळवण्याची यातायात त्याच्याच माथी येते. अशा अगतिकाचे कागद न तपासता वजावटीचे आकडे भरून देणे म्हणजे त्याचा घात करणे होय. कायद्यापुढे उत्तरदायी तोच ठरतो. कापलेल्या कराचा दाखला मालकाने १५ जूनपर्यंत द्यावयाचा असतो. तो वेळेवर मिळवून विवरणपत्र भरून देण्याचे काम कामगार संघटनांनीच हाती घेतले पाहिजे.