एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं

मैत्रिणींनो, आमच्या भोरला जुन्या वाड्यांतून दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं असायची. दरवाजा मात्र एकच. आत पाऊल टाकलं की ओसरीवरच्या आजीबाई विचारायच्या, "कुणाकडे आलात?" आणि मग जिना दाखवायच्या. अशाच एक आजीबाई संगणकातही असतात. त्यांचं नाव बूट मॅनेजर. हसू नका! गेल्या वर्षी याच आजीबाई रुसल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक असेल. त्यातल्या विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० ही सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाही. आमच्या यांच्या खताच्या दुकानाचा हिशेब फक्त विंडोजवर चालतो, त्यामुळे ते काढून टाकणंही शक्य नाही. नवीन संगणक घ्यायचा तर हप्ते! माझ्या अर्धवेळ शिकवण्यात ते कसे बसणार?

म्हणून २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरं बिऱ्हाड आणलं : उबंटू. हे लिनक्सच्या घराण्यातलं, आणि फुकट. हिशेब विंडोजमध्ये, तोही इंटरनेट बंद ठेवून. बँक, टपाल आणि माझ्या प्रश्नपत्रिका उबंटूमध्ये.

आता आजीबाईंचं काम समजून घ्या. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणतात, नव्यांत युईएफआय. तो बूट मॅनेजरला हाक मारतो. उबंटूबरोबर येणाऱ्या बूट मॅनेजरचं नाव ग्रब. तो १९९५ साली एरिक बोलिन यांनी प्रथम लिहिला. पडद्यावर यादी येते, बाणाच्या बटणांनी निवड करायची, एन्टर दाबायचं. बस्स.

साहित्य : ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, नकलेसाठी वेगळी हार्डडिस्क, संगणकात निदान २५ जीबी (जास्त असली तर उत्तम) मोकळी जागा, आणि दोन तासांची निवांत दुपार. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. जागेची वाटणी चालू असताना वीज गेली, तर घोटाळा होतो. आपल्याकडची वीज आपल्याला ठाऊक आहे!

कृती : सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायलींची नक्कल दुसरीकडे काढा. मग विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करा. ती चालू असली की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट डुलकी घेतं, आणि त्याच्या फायलींना हात लावताना दुसऱ्या बिऱ्हाडाची अडचण होते. 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची लांबलचक किल्ली वहीत उतरवून ठेवा. मग विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून मोठा भाग थोडा लहान करून जागा मोकळी करा.

उबंटूचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करा. सुरू होतानाच एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीचं बटण दाबलं, की पेनड्राइव्ह निवडता येतो. आधी नुसतं चालवून बघा. माऊस, आवाज, वायफाय ठीक आहे ना? मगच पुढे जा. 'विंडोजच्या शेजारी बसवा' या अर्थाचा पर्याय घ्यायचा. 'डिस्क पुसा' या पर्यायाकडे चुकूनही जाऊ नका. त्यात पहिलं बिऱ्हाड सामानासकट रस्त्यावर येतं.

आणि आता माझी फजिती. डिसेंबरमध्ये हिशेबाला जागा कमी पडू लागली. विंडोजमधून पाहिलं तर डिस्कचा एक भाग बिननावाचा. "हा रिकामाच दिसतोय," असं म्हणून मी तो पुसला. तो उबंटूचा होता! विंडोजला लिनक्सच्या भागाचं नाव दिसत नाही, हे मला कुठे माहीत?

सकाळी यंत्र सुरू केलं तर काळा पडदा, 'ग्रब' एवढीच अक्षरं आणि लुकलुकणारी रेघ. तारीख होती १९. दुसऱ्या दिवशी यांना जीएसटीचं विवरण भरायचं होतं, आणि हिशेबाची शेवटची नक्कल काढलेली दिवाळीत. हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं मला वाटलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "डिस्क गेली. फॉरमॅट करावं लागेल." मी यंत्र पाठवलं नाही. मनात एकच विचार आला : मी एकाच खोलीला हात लावला होता, दुसरी कुठे जाईल?

एफ २ दाबून युईएफआयच्या पानावर गेले. बूटच्या क्रमात 'उबंटू' पहिलं होतं, 'विंडोज बूट मॅनेजर' दुसरं. ते वर घेतलं, बदल राखून बाहेर पडले, आणि विंडोज उघडलं. हिशेब जागच्या जागी! माझ्या दुसऱ्या सत्राच्या प्रश्नपत्रिका मात्र गेल्या. त्या रात्र-रात्र बसून पुन्हा लिहिल्या. आता दर शनिवारी दोन्हीकडच्या फायलींची नक्कल निघते, आणि डिस्कच्या कोणत्या भागात काय आहे याचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

आणखी काही अडचणी :

यादी न येता थेट विंडोज उघडतं : विंडोजच्या मोठ्या दुरुस्तीनंतर कधीकधी असं होतं. वर सांगितलेल्या पानावर जाऊन 'उबंटू' पहिलं करा.

यादीत विंडोजच दिसत नाही : ग्रबच्या अलीकडच्या आवृत्तीत इतर प्रणाली शोधणं बंद असू शकतं. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'ओएस-प्रोबर' चालू करून 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्या.

उबंटूचा भाग शाबूत आहे, पण ग्रब बिघडला : पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून 'बूट-रिपेअर' हे साधन चालवा.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे : घाबरू नका. उबंटू यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.

शेवटची गोष्ट वेल्ह्याची. तिथे दिलेल्या माझ्या नणंदेचा परवा फोन आला. "वहिनी, वीज गेली की आमचं यंत्र सगळं विसरतं. यादीही येत नाही." त्यांचा जुना डेस्कटॉप, दोन डिस्का, ग्रब दुसऱ्या डिस्कवर. मी विचारलं, "वन्सं, तारीख काय दाखवतंय?" म्हणाल्या, "अगं बाई, २०१० साल!" तिथेच कळलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की वीज गेल्यावर जुनं यंत्र तारीखही विसरतं आणि कोणती डिस्क आधी, तेही. वायर काढून भाच्याने सेल बदलला, क्रम पुन्हा लावला. त्यांनाही नवीन संगणक घ्या, असंच सांगितलं होतं कुणीतरी!

तेव्हा मैत्रिणींनो, काळा पडदा दिसला की लगेच 'फॉरमॅट'ला हो म्हणू नका. आधी विचारा, "दार अडलंय, की घर पडलंय?" पुष्कळदा दारच अडलेलं असतं. आणि हो, हा अंक खाली ठेवण्याआधी एक नक्कल काढाच!